जर, तर आणि नाहीतर

आमच्या ऑफिसच्या जिन्यात एक पाटी होती. ‘येथे थुंकू नये.’ पाटीखालची भिंत अर्थातच लाल. येणारे-जाणारे ती पाटी न वाचता वर जात. साहेब मात्र रोज तिच्यापुढे थांबत आणि तिच्याशी भांडत.

“अन् थुंकलं त?” ते पाटीला विचारत. “थुंकलं त काय करसान, ते काहून नाही लिहिलं बे? अर्धंच वाक्य लिहून मोकळे झाले!”

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांना असंच पाहिलं. कोणीतरी वेडसर माणूस रस्त्यावरून आत शिरलाय असं वाटून मी भिंतीला चिकटून वर गेले. थोड्या वेळाने तोच माणूस वर आला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा नाकावर चढवला आणि खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर जाऊन बसला. हे आमचे डिझाइनचे मुख्य इंजिनियर. माझे साहेब.

सीताबर्डीच्या एका गल्लीत आमचं ऑफिस होतं. कारखान्यांच्या शेड, गोदामं, पाण्याच्या टाक्या यांची डिझाइनं आम्ही करायचो. मी विणकरांच्या घरातली. आजोबांचा हातमाग, वडील गिरणीत, आणि मी आमच्या मोहल्ल्यातली पहिली इंजिनियर मुलगी. त्यामुळे कोण कसं वागवतं याकडे माझं लक्ष असायचं. साहेबांनी मला पहिल्या दिवशी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. एक आकडेमोडीचा कागद पुढे टाकला आणि म्हणाले, “चूक काढ. नसन चूक, त नाही म्हून सांग. पन काढ्याच्या आधी नाही म्हनू नको.”

‘अर्धं वाक्य’ ही त्यांची सर्वांत मोठी शिवी. ज्या वाक्यात जर आहे आणि तर नाही, ते अर्धं. ज्यात जर-तर आहे आणि नाहीतर नाही, तेही अर्धंच. सिटी बसमध्ये ‘सुटे पैसे द्यावेत’ वाचून त्यांचं कंडक्टरशी भांडण व्हायचं. कॅन्टीनवाल्याला ते चहा सांगत तोसुद्धा असा: “दूध ताजं असन त दुधाचा आन. नाही त काळा. अन् साखर संपली असन त आनूच नको, मले येऊन सांग.” त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी पाहिलेली आहे. मुहूर्ताच्या खाली छापलं होतं: ‘पाऊस आल्यास भोजन वरच्या मजल्यावर. वऱ्हाडास उशीर झाल्यास आलेल्या मंडळींनी आधी जेवून घ्यावे.’ व्याही तीन दिवस बोलले नाहीत. साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यात रागावण्यासारखं काय होतं. वऱ्हाडाला उशीर झाला, आणि आलेली मंडळी वेळेवर जेवली.

प्रताप नगरात त्यांचं घर होतं. तिथे मी एकदा गेले तेव्हा काकू चहा देता देता म्हणाल्या, “बाई वं, जलमल्यावर यायले कोनी इचारलं असन ना, रडतो का गा म्हून, त हे म्हनले असन, दूध भेटलं त नाही.” साहेब आतून ओरडले, “बरोबरच हाय ते!”

ऑफिसातले लोक त्यांना मागे ‘जर-तर’ म्हणत. त्या हसण्यात मालकही असायचे. मालक म्हणजे गोड बोलणारे, सुगंधी रुमाल वापरणारे गृहस्थ. मला त्या हसण्याची तेव्हाही चीड यायची आणि आज इतक्या वर्षांनीही येते. ज्या माणसाच्या सहीवर तुमची दुकानदारी चालते, त्याच्या पाठीमागे तुम्ही त्याची नक्कल करून दाखवता?

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. नागपुरात तेव्हा फारच थोड्या ठिकाणी होता. त्याच्यासाठी काचेची खोली, एसी, दाराशी चपला काढायची जागा. मालकांनी नारळ फोडला. पुण्याच्या एका कंपनीने त्याच्यावर डिझाइन तपासायचा प्रोग्रॅम टाकून दिला होता. दांड्यांची मापं भरा, वजन भरा, वारा भरा, की प्रिंटरमधून करकर करत कागद बाहेर येणार आणि प्रत्येक दांड्यासमोर छापलेलं असणार: ओके.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा आवाज चढला.

“ओके? कोन म्हनते ओके? यानं काय पाह्यलं अन् काय नाही पाह्यलं, ते कुठं हाय याच्यात?”

पुण्याहून आलेला माणूस बिचारा समजावू लागला. प्रोग्रॅममध्ये ठरलेली समीकरणं आहेत, त्यांत बसलं की ओके. साहेबांनी विचारलं, शेड एका बाजूने उघडी असेल तर? तो म्हणाला, शेड चारी बाजूंनी बंद आहे असं धरलेलं आहे.

“कोनी धरलं?”

“तसंच धरतात सर.”

“आमच्या इकडं रुईच्या गाड्या आत येतात. उघडी ठेवतात समोरून. मंग?”

त्या माणसाने घाम पुसला आणि म्हणाला, “सर, तुम्हाला हवं ते समीकरण तुम्ही स्वतः घालू शकता. तशी सोय आहे. अटीसुद्धा घालता येतात. म्हणजे अमुक असेल तर असं, नाहीतर तसं.”

साहेबांनी चष्मा काढला. “म्हंजे याले नाहीतर समजते?”

“समजतं सर.”

साहेब चपला काढून काचेच्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

त्यानंतरचे दिवस माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले. साहेब बोलत, मी टाइप करत असे. समीकरण आधी ते नागपुरीत मोठ्याने म्हणत. मग मी ते यंत्राच्या भाषेत बसवायचं. सगळ्यात जास्त मेहनत त्यांनी कैचीवर घेतली. पत्र्याच्या छपराला खालून जी लोखंडी तिकोनी चौकट उचलून धरते ती कैची. तिचा सगळ्यात खालचा दांडा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा जातो. छपराच्या वजनाने तो दोन्हीकडून ओढला जातो, आणि ओढला जाणारा दांडा बारीक असला तरी चालतं. पण वादळाचा वारा छप्पर वर उचलू लागला, की तोच दांडा दोन्हीकडून दाबला जातो. बारीक दांडा दाबला की वाकतो. मग कैची जाते आणि तिच्याबरोबर सगळं छप्पर. पुण्याचा प्रोग्रॅम त्या दांड्याची फक्त ओढ तपासायचा.

“लिही,” साहेब म्हणत. “जर एक बाजू उघडी असन, त आतून बी वारा ढकलन. नाहीतर बाहेरचाच धर. जर वाऱ्याची उचल छपराच्या वजनापेक्षा जास्त झाली, त खालचा दांडा दाबाचा. नाहीतर ओढीचा. जर दांड्याले मधात आडवे आधार असन, त लांबी आधारापासून आधारापर्यंत. नाहीतर…”

“नाहीतर भिंतीपासून भिंतीपर्यंत,” मी म्हणाले.

“मंग लिही ना! थांबली काहून वं?”

ते समीकरण घातल्यावर पहिलीच शेड तपासायला आली ती कळमेश्वरची. पारशिवनीच्या शेतकरी घरातले राऊत म्हणून एक होते, त्यांनी तिथल्या औद्योगिक वसाहतीत कापसातून सरकी वेगळी करायचं जिनिंग काढलं होतं. शेड समोरून पूर्ण उघडी. नकाशे गेलेले होते, कैच्या वर चढलेल्या होत्या, फक्त तपासणीचा कागद द्यायचा राहिला होता. प्रिंटर करकरला आणि खालच्या दांड्यासमोर, एकाही कैचीला न वगळता, छापून आलं: नॉट ओके.

साहेब कागद घेऊन मालकांकडे गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“हे काय आहे?” मालक म्हणाले. “कॉम्प्युटर आणला तो काम लवकर व्हावं म्हणून. पार्टीला सांगू का, की आमचंच मशीन आमचं डिझाइन नापास करतं?”

“हो. तेच सांगा.”

“साहेब, इतक्या शेड उभ्या आहेत विदर्भात. पडल्या का?”

“पडल्या नाही, त पडनारच नाही का?”

“तुमचं हे जर-तर घरी ठेवा हो,” मालक हसून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा कळमेश्वरचा तपासणीचा कागद पाकिटात घालून तयार होता. सगळं ओके. मी काचेच्या खोलीत जाऊन पाहिलं. प्रोग्रॅममधून साहेबांची सगळी समीकरणं काढून टाकलेली होती. आमच्यात ठोंबरे म्हणून एक जण होता, त्याला मी विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मालकांनी सांगितलं, मी उडवली. तुला काय करायचंय?”

मला काय करायचं होतं! त्या शेडमध्ये बायका दिवसभर कापसातला कचरा वेचायला बसणार होत्या. माझ्या दोन चुलत्या तसल्याच कामावर जायच्या. मी मालकांकडे गेले आणि सांगितलं, की हा कागद जाऊ देऊ नका. मालक म्हणाले, “बेटा, तू अजून नवी आहेस.” पाकीट गेलं.

साहेबांना कळलं तेव्हा मला वाटलं आता काचा फुटतील. पण ते ओरडले नाहीत. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत हळू म्हणाले, “हे खोटं नाही बोललं. याले कोनी इचारलंच नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कळमेश्वरची एसटी किती वाजता हाय?”

राऊत शेडखाली खुर्ची टाकून बसले होते. साहेबांनी नमस्कार न करता सुरुवात केली. ऐकता ऐकता राऊत उभे राहिले.

“म्हंजे ज्या हापिसानं मले कागद देला, त्याच हापिसातून तुमी येऊन राहिले, अन् सांगून राहिले का कागद चुकीचा हाय?”

“कागद चुकीचा नाही. अर्धा हाय.”

“मायबाप! मी काय समजाव याच्यात?”

साहेबांनी त्यांच्या फोरमनच्या कमरेची लोखंडी टेप मागून घेतली. हातभर ओढून बाहेर काढली. एक टोक राऊतांच्या हाती दिलं. “ओढा. अजून ओढा. तुटते का?” टेप तुटली नाही. “आता ढकला माझ्याकडं.” राऊतांनी ढकलली, आणि टेप मधोमध कडकन वाकली. साहेबांनी वर बोट केलं. खालचे बारीक दांडे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओळीने दिसत होते.

राऊतांनी मान वर करून ते दांडे पाहिले. मग त्यांना राग आला. साहेबांवर, आमच्या ऑफिसवर, बहुतेक स्वतःवरही. “अन् हे तुमी मले कैच्या चढवल्यावर सांगून राहिले!”

“कॉम्प्युटर आधी येता, त आधी सांगतलं असतं. आता त्या दांड्यायले मधात लोखंडी आडवे अँगल लावा. आजच.”

राऊतांनी लावले. शिव्या देत देत, पण लावले.

ही गोष्ट मालकांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. ऑफिसची अब्रू गिऱ्हाइकाच्या दारात काढली म्हणून साहेबांकडून माफीपत्र लिहून मागण्यात आलं. सगळ्यांना वाटलं, दोन ओळी लिहून देतील, सेवेची थोडीच वर्षं राहिलीत. साहेबांनी लिहून दिलं. ते पत्र टायपिस्टपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी वाचलं. त्यात होतं: ‘माझे समीकरण चुकीचे असल्यास मी माफी मागतो. बरोबर असल्यास मालकांनी राऊत यांची माफी मागावी. चूक की बरोबर हे तपासलेच नसल्यास आधी तपासावे.’

त्याच महिन्यात त्यांना घरी पाठवलं. ज्यांना त्यांनी आकडेमोड शिकवली, चुका पोटात घालून शिकवली, त्यांच्यातला एकही जण खुर्चीवरून उठला नाही. मी जिन्यापर्यंत गेले. साहेब त्या पाटीशी नेहमीसारखे दोन वाक्यं भांडले आणि निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मोठं वादळ झालं. कळमेश्वरला वसाहतीतल्या शेडचे पत्रे उडून शेतात जाऊन पडले, काही ठिकाणी कैच्याच लोळल्या. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती म्हणून माणसं वाचली. राऊतांची शेड जशीच्या तशी उभी राहिली.

आणि आमच्या मालकांनी काय केलं? फोटोग्राफर पाठवला. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर राऊतांची शेड रंगीत छापली, आजूबाजूला पडलेल्या शेडसकट, आणि खाली: ‘आमची डिझाइने कॉम्प्युटरने तपासलेली असतात.’ ते कॅलेंडर माझ्याही टेबलावर आणून ठेवलं. ज्या कॉम्प्युटरचं तोंड तुम्ही दाबून धरलं, त्याच्या नावाने तुम्ही मिरवता! ज्याने ते अँगल लावायला लावले त्याला हाकलून!

मी कॅलेंडर गुंडाळून तडक प्रताप नगरला गेले. “साहेब, हे बघा. आता तरी भांडा. हे तुमचं आहे.”

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, दूर धरला. मग विचारलं, “वारा कोन्या बाजूनं आला होता?”

“कोणत्याही बाजूने येवो! शेड तुमच्यामुळे वाचली.”

“कोन्या बाजूनं आला होता, माहीत हाय का तुले?”

मला माहीत नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला की चहा न घेता मी निघाले. निदान एकदा तरी या माणसाने जर-तर बाजूला ठेवून आपलं श्रेय घ्यावं!

दोन-तीन दिवसांनी साहेब ऑफिसात आले. घरी पाठवल्यानंतर पहिल्यांदाच. सगळे चपापले. मालकांच्या समोर आपल्या नव्या शेडचं डिझाइन न्यायला आलेले एक गृहस्थ बसले होते. मालक लगबगीने उठले. कॅलेंडरचाच विषय असणार हे त्यांनी ओळखलं होतं आणि बोलायचं तेही ठरवून ठेवलं असावं. “या या! अहो, तुमचं योगदान आम्ही विसरलेलो नाही. पुढच्या कॅलेंडरवर तुमचं नाव—”

“नाव खड्ड्यात घाला,” साहेब म्हणाले. “तो फोटो काढा.”

“फोटो?”

“मी कळमेश्वरले जाऊन आलो. पडलेल्या बाभळी अजून तशाच हाय, कोनीकडं पडल्या ते पाहून आलो. वारा मागून आला होता. राऊतची मागची भिंत बंद हाय. बाकीच्यायच्या शेड त्या अंगानं उघड्या होत्या, त्यायच्या गेल्या. राऊतची शेड तुमच्या कॉम्प्युटरनं नाही वाचवली. मी बी नाही वाचवली. त्या दिवशी तिच्यावर जोर आलाच नाही. अन् तुमी लोकायले सांगून राहिले का तपासली हाय!” त्यांचा आवाज आता खाली रस्त्यावर जात असणार. “उद्या वारा समोरून आला त? बाकीच्या किती शेड देल्या तुमी त्याच्यानंतर? त्यायचे दांडे कोनी पाह्यले?”

मालक काहीतरी गोड बोलायला लागले. तेवढ्यात समोरचे गृहस्थ म्हणाले, “अहो, मंग पाहून घ्या ना. मशीन त इथंच हाय म्हनता.”

आता पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा राग मोकळा होईल. साहेबांना पुन्हा कामावर घेतलं नाही. कॅलेंडर वर्षभर भिंतींवर लटकत राहिलं. आणि मालकांना पुढे कुठे कुठे भाषणाला बोलावू लागले, कॉम्प्युटर आणि सुरक्षितता या विषयावर. त्या वर्षाच्या शेवटी मी ती नोकरी सोडली.

पण ती दुपार मी पाहिली आहे. गिऱ्हाईक समोर बसलेलं, त्यामुळे मालकांना नाही म्हणता येईना. साहेब चपला काढून काचेच्या खोलीत आले, माझ्या मागे उभे राहिले आणि सगळी समीकरणं त्यांनी एकामागून एक सांगितली. मी टाइप केली. ठोंबरे दारात येऊन उभा राहिला, त्याच्यामागे बाकीचे. आधी त्या गृहस्थांची शेड तपासली. मग साहेब म्हणाले, “आता जुन्या काढ.” मी एकेक फ्लॉपी घालत गेले. काटोल, हिंगणा, भंडारा रोड. प्रिंटर करकरत राहिला, कागद घड्या पडत जमिनीवर उतरत राहिला, आणि पानापानांवर त्याच ओळीत, त्याच खालच्या दांड्यासमोर, नॉट ओके, नॉट ओके, नॉट ओके.

मालकांनी जमिनीवरचा कागद उचलून पाहिला. त्यांच्या तोंडचा गोडवा गेला होता. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “हे आता कळवायचं कोणाला?”

“त्या छपरायखाली जे काम करून राहिले ना,” साहेब म्हणाले, “त्यायले.”